अर्ध्या मिलिमीटरची चाळण

९ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला जे लिहायची पद्धत आहे ते मला कधी धड जमलं नाही, आणि अकरा वर्षांनी ते शोभायचंही नाही. म्हणून एकदम सांगतो. तळ्यात जीव आहे!

आपल्या तळ्यात. वाळूच्या पट्ट्यामागच्या त्या खाऱ्या तळ्यात, ज्याचा तळ गेली कित्येक वर्षं काळा पडला होता आणि काठावरून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावत होती. काल चौथ्या ठिकाणी चिखल उचलायचा लोखंडी पंजा खाली सोडला. वर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे श्वास रोखून धरला, सडक्या अंड्याच्या वासासाठी. वास आलाच नाही. चिखल वरून तपकिरी, खाली राखाडी, आणि त्यात मातीच्या बारीक नळ्या उभ्या. दोनशेच्या वर! प्रत्येक नळीत एक किडा, वळ्यावळ्यांचा, तोंडाशी दोन मिशा. तुम्ही त्यांना 'भाडेकरू' म्हणायचात, आठवतं? जागा रिकामी झाली की सगळ्यांत आधी हेच येतात म्हणून.

अक्षरावरून ओळखलंत की नाही कोणास ठाऊक. मी, तुमचा धाकटा दीर. सहा वर्षं तुमच्या सर्वेक्षणाची होडी चालवली, पंजा ओढला, चिखल चाळला, तोच. मधली वर्षं मालाच्या बोटीवर काढली. गेल्या वर्षीच्या वादळात समुद्रानं वाळूचा पट्टा फोडला आणि तळ्याचं मुख पुन्हा उघडलं, म्हणून संशोधन केंद्रानं काम परत सुरू केलंय. नव्या मॅडम आल्या आहेत. तुमच्यापेक्षा बुटक्या, पण आवाज तुमच्या दुप्पट. ठिकाणं तुमचीच ठेवली आहेत, खाडीत दहा, तळ्यात सहा. मला विचारलं, "ही ठिकाणं नकाशाशिवाय सापडतील?" मी म्हटलं, "डोळे बांधून सापडतील."

तुमचा पत्ता दादाच्या कपाटातल्या पाकिटावरून उतरवला. त्याला सांगितलेलं नाही. तो धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करतो, तब्येत ठीक आहे, बोलतो कमी.

रागावून पत्र फाडणार असाल तर एवढं वाचून फाडा: पाचव्या ठिकाणी शिंपले होते. तांदळाच्या दाण्याएवढे. जिवंत.

तुमचा,
भावजी


२२ जानेवारी

वहिनी,

उत्तर आलं नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही.

पण तुम्ही इथे असायला हवं होतं हो! आज प्रयोगशाळेत मॅडमनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. चाळलेला गाळ गुलाबी रंगात भिजवून ठेवला होता. जिवंत असताना पकडलेलं सगळं गुलाबी होतं आणि मेलेले शंख, लाकडाचे तुकडे तसेच राहतात, हे तुम्हीच शिकवलेलं. तर पांढऱ्या ताटलीत गुलाबी ठिपके, जणू कुणी कुंकवाची डबी सांडली आहे. चिमट्यानं एकेक उचलायचा. किडे एका बाटलीत, शिंपले दुसऱ्या, उड्या मारणारे ते वाकड्या पाठीचे कवचवाले तिसऱ्या. पहिल्या ताटलीत मी एकशे बारा मोजले. मॅडमनी पुन्हा मोजले. एकशे चौदा. म्हणाल्या, "दोन चुकलात, पण हात हलका आहे तुमचा. कुणी शिकवलं?"

मी तुमचं नाव घेतलं.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या म्हणजे, आकड्यांचं प्रकरण झालं होतं त्याच ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "भरती लागली वाटतं."

दुसरी एक गोष्ट. तळ्याच्या मुखावरून रस्ता न्यायचं ठरतंय. दगडांचा भराव टाकून मुख कायमचं बंद करायचं आणि वरून रस्ता, असा बेत आहे. ७ मार्चला समितीची बैठक आहे. रस्तावाले म्हणतात, या तळ्यात पूर्वीही काही नव्हतं, आताही काही नाही, मग बुजलं तर बिघडलं काय? मॅडम म्हणतात, आता जीव येतोय हे आपण दाखवू, पण मुख उघडं असताना पूर्वी किती होता आणि बंद होत गेलं तसा कसा कमी झाला, हे दाखवायला जुने आकडे लागतील. आणि जुने आकडे म्हणजे तुमचे. ते केंद्रानं बाद करून ठेवलेत.

बरण्या मात्र आहेत, वहिनी! कोठारातल्या खालच्या फळीवर, सहाही वर्षांच्या. तुम्ही भांडून ठेवून घेतल्या होत्या. मॅडम उद्यापासून त्या उघडणार आहेत.

उद्यापासून. बघू.

भावजी


३ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र घाईत लिहितोय. आधी चांगलं सांगतो. तळ्यात पहिल्या ठिकाणी, अगदी मुखाजवळ, गोगलगायी आल्या आहेत. बारीक टोकदार शंख, एका ओंजळीत तीस. आणि खाडीतली दहाही ठिकाणं तशीच भरलेली आहेत, तुमच्या वेळी होती तशी. खाडीला काही झालेलंच नाही. सातव्या ठिकाणी पाच हातांचा तारामासा आला, एक हात तुटलेला, तरी बादलीत असा काही रांगत होता की मॅडमसकट सगळे हसायला लागले.

आता दुसरं. मॅडमनी तुमच्या शेवटच्या फेरीच्या बाटल्या उघडल्या. ती फेरी, जिच्यावरून सगळं झालं. आधीच्या वर्षी तळ्यात सहा ठिकाणी मिळून एकोणीसशेच्या वर जीव, आणि त्या फेरीत एकसष्ट. तुम्ही अहवालात लिहिलंत की तळं मरतंय, मुख उघडा. मग महिन्याभरात दुसरी तुकडी आली, त्यांना सातशे मिळाले, आणि सगळे म्हणाले की मुख उघडून घ्यायच्या हट्टापायी तुम्ही आकडे पाडले.

मॅडमनी ते एकसष्ट जीव एकेक करून मोजपट्टीवर ठेवले. दुपारी मला बोलावलं.

"हे बघा," म्हणाल्या. "यात मोहरीपेक्षा लहान एकही नाही. त्याच फेरीतल्या खाडीच्या बाटल्यांत बारीक जीव आहेत. तळ्याच्या बाटल्यांत नाहीत. तळं मेलं तर मोठे आधी मरतील, बारीक मागे राहतील. इथे उलटं आहे. बारीक तेवढे कुणीतरी निवडून काढल्यासारखे."

मी बाटल्यांची झाकणं घट्ट करायला लागलो.

"त्या दिवशी चिखल कुणी चाळला?"

मी म्हटलं, "बरीच वर्षं झाली. आठवत नाही."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच असणार. बाईंनी बारीक जीव काढून टाकले आणि आकडा पाडला. वाईट वाटतं. मी जुन्या आकड्यांवर विसंबणार होते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, वहिनी. त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या आणि कान माझे तापले होते.

भावजी


५ फेब्रुवारी

वहिनी,

दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. आता लिहितो, थांबलो तर पुन्हा राहील.

बारीक जीव तुम्ही काढले नाहीत. ते मी घालवले.

त्या फेरीचा पहिला दिवस खाडीचा होता, तो नीट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यात शिरताना मी नांगर चाळणीवर टाकला. अर्ध्या मिलिमीटरची बारीक चाळण, तुम्ही जिला जिवापाड जपायचात. जाळी कडेपासून फाटली, हात जाईल एवढी. तुम्ही त्या दिवशी होडीवर नव्हतात, अहवालाच्या कामाला केंद्रात होतात. मला परत येऊन दुसरी न्यायला हवी होती. पण तुम्ही आधीच्या आठवड्यात म्हणाला होतात, "भावजी, ही तिसरी चाळण. आता फाटली तर मी दुसरा माणूस बघेन." हसत म्हणाला होतात, पण मी ते मनाला लावून घेतलं होतं.

होडीत जाड चाळण होती. एक मिलिमीटरची, शंख वेगळे करायला ठेवलेली. मी सहाही ठिकाणांचा चिखल तिच्यातून धुतला. बारीक सगळे पाण्याबरोबर गेले. मला दिसत होतं जाताना. वाटलं, थोडे कमी येतील, कुणाला कळणार? फाटलेली चाळण दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या कामवाल्याकडून डाग देऊन आणली आणि खुंटीवर लावून ठेवली.

मग एकसष्टचा आकडा आला. मग तुमचा अहवाल. मग ती दुसरी तुकडी. तोवर वेळ गेली होती असं मी स्वतःला सांगत राहिलो. कुणी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मूग गिळून बसलो. तुम्ही केंद्र सोडलंत, मग घर सोडलंत, आणि मी तुमच्या ट्रंका रिक्षात चढवल्या. तुम्ही मला म्हणालात, "सांभाळा."

क्षमा मागणार नाही. तो शब्द फार लहान आहे, माझ्या जाड चाळणीतूनसुद्धा गळून जाईल.

उद्या मॅडमना सांगतोय. तुम्हाला आधी कळायला हवं म्हणून हे आज टपालात टाकतो.

भावजी


८ फेब्रुवारी

वहिनी,

सांगितलं.

मॅडम ऐकत होत्या आणि हातातली पेन्सिल टेबलावर आपटत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही एका बाईचं आयुष्य उलटंपालटं केलंत?" मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "बाहेर थांबा." अर्धा तास थांबलो. मला वाटलं, संपलं, आता केंद्राच्या फाटकातून पुन्हा आत येणं नाही. दार उघडलं तर त्या कोपरापर्यंत बाह्या सरसावून उभ्या. "जाड चाळण कुठाय? तीच. अजून आहे?"

"आहे. कोठारात."

"मग आणा. पळा!"

का ते तेव्हा कळलं नाही. त्याचं पुढं लिहितो, कारण मधे दादा आहे.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. तो एका इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यानं हात बाहेर काढला, चिंधीला पुसला. एकेक बोट पुसत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी तिला घरी विचारलं, तू काही चूक केलीस का, तेव्हा तू तिथेच होतास."

"हो."

"खिडकीत बसला होतास. चहा पीत."

"हो."

"आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, सगळे म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच." तो उठला. मला वाटलं, मारतोय. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू खोटं बोललास ते बोललास. पण मी तर नवरा होतो. मला चाळणीची काय गरज होती तिच्यावर विश्वास ठेवायला?"

मग पाना उचलून परत कामाला बसला. मी जाईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

भावजी


२० फेब्रुवारी

वहिनी! वहिनी, नीट बसून वाचा!

तुमचं बरोबर होतं!

चुकलेली चाळण असूनही बरोबर होतं! सांगतो, ओळीनं सांगतो.

मॅडमचं म्हणणं असं: एक फेरी जाड चाळणीतून झाली आणि बाकी पाच वर्षं बारीक चाळणीतून, म्हणून तुलना होत नाही. बरोबर? पण मग बाकी पाच वर्षांचे जीवही त्याच जाड चाळणीतून गाळले तर? बारीक सगळीकडूनच गळतील. उरलेले मोठे, त्यांची मोठ्यांशी तुलना. हातात चाळण आहे, बरण्या आहेत. मग अडलंय कशाला?

बारा दिवस आम्ही तेच केलं. एकेक बाटली उघडायची, एक मिलिमीटरच्या चाळणीत पाण्याखाली हलकेच हलवायची, वर राहिलेले मोजायचे, सगळे परत बाटलीत. तुमच्या हातच्या चिठ्ठ्या प्रत्येक बाटलीत, पेन्सिलनं लिहिलेल्या. एकही पुसलेली नाही. मॅडम शेवटी शेवटी चिठ्ठ्यांशी बोलायला लागल्या होत्या. "वा बाई, इथेसुद्धा खोली लिहिलीत!"

काल संध्याकाळी बेरीज झाली. तळ्यातले फक्त मोठे जीव, वर्षावर्षाचे: चारशे वीस, चारशे पाच, तीनशे ऐंशी, दोनशे नव्वद, एकशे सत्तर. आणि तुमची शेवटची फेरी, एकसष्ट.

मॅडम फळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातला खडू हवेत उडवला आणि झेलायचं विसरल्या.

तळं मरतच होतं! मुख वाळूनं भरत होतं आणि वर्षागणिक आकडा उतरत होता. तुम्ही ओळखलं होतंत, कुणाच्याही आधी. त्याच वर्षांत खाडीचा आकडा जागच्या जागी आहे, म्हणजे समुद्राचा दोष नाही, मोसमाचा नाही, फक्त बंद होणाऱ्या तळ्याचा. आणि त्या दुसऱ्या तुकडीचे सातशे? मॅडमनी त्यांचे कागद मागवले. त्यांनी तळ्यात दोनच ठिकाणी पंजा टाकला होता, दोन्ही मुखाला लागून, जिथे थोडं पाणी अजून खेळत होतं. आतल्या चार ठिकाणांकडे ते फिरकलेच नव्हते.

मी त्या दिवशी चाळण बदलली नसती तर तुमचा आकडा एवढा कमी आला नसता, कुणी शंका घेतली नसती, आणि तुमचं खरं लोकांना पटलं असतं. आणि सांगितलं असतं तरी पटलं असतं. दहा वर्षं तळं फुकट मेलं, वहिनी. हे सगळं कळतंय मला. तरी आज मी आनंदात आहे, काय करू! होडीवरून ओरडत आलो. धक्क्यावरच्या दादाला लांबूनच ओरडून सांगितलं, "वहिनींचं बरोबर होतं रे!" त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. म्हणाला, "आणखी एकदा."

मॅडमनी तुम्हाला वेगळं पत्र पाठवलंय. तुमची मूळ वही मागितली आहे, खोल्या आणि तारखा ताडून बघायला. माझ्यासाठी नाही, तळ्यासाठी पाठवा.

भावजी


१ मार्च

वहिनी,

वही आली. पाकीट मॅडमच्या नावानं, आत चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. फक्त वहीत एका पानावर कागदाची पट्टी घातलेली.

मॅडमनी ते पान उघडलं, वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

शेवटच्या फेरीचं पान. एकसष्टच्या आकड्यापुढे तुमच्या अक्षरात: "चाळण कोणती वापरली? भावजींना विचारणे." आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख घालून: "विचारलं. म्हणाले, नेहमीचीच."

तेव्हा खरं ते लिहितो. कुणी मला विचारलं नाही असं मी पाच तारखेच्या पत्रात लिहिलं. ते खोटं होतं. तुम्ही विचारलं होतंत. प्रयोगशाळेच्या दारात, हातात हीच वही, चष्मा कपाळावर. मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नेहमीचीच, वहिनी." आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मग ठीक आहे." एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. सगळं गाव तुमच्यावर उलटलं तेव्हाही माझं नाव घेतलं नाहीत, कारण मी नेहमीचीच म्हटलं होतं.

कबुली देतानाही तेवढी एक गोष्ट मी मागे ठेवली होती. सगळ्यांत जड तीच होती, म्हणून. चाळणीबद्दल अंगचोरपणा म्हणता आला असता, याला ते नाव देता येत नाही.

बैठक सात तारखेला आहे. मॅडम म्हणाल्या, चाळणीचं कागदावर लिहून दिलंत तरी चालेल. मी म्हटलं, नाही, उभं राहून सांगतो. आणि हेही सांगतो.

भावजी


८ मार्च

वहिनी,

काल मोठ्या दालनात साठ-सत्तर माणसं होती. समितीचे पाच जण, रस्तावाले, मासे पकडणारे, केंद्रातले सगळे. दादा मागच्या भिंतीला टेकून उभा. धुतलेला शर्ट घातला होता, मी आधी ओळखलंच नाही. शर्टालाही आणि त्यालाही.

रस्तावाल्यांच्या साहेबांनी सांगितलं की या तळ्याचा एकच जुना अहवाल आहे आणि तो बनावट ठरलेला आहे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो.

सगळं सांगितलं. नांगर, फाटलेली जाळी, जाड चाळण. "नेहमीचीच" तेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "आणि अकरा वर्षांनी आज आठवलं?"

"आठवण रोजच होती, साहेब," मी म्हटलं. "हिंमत आज झाली."

मग मॅडमनी फळ्यावर तुमचे आकडे मांडले, शेजारी यंदाचे. त्यांनी बादलीतला जिवंत चिखल काचेच्या भांड्यात आणला होता. समितीच्या अध्यक्षबाई खुर्चीवरून उठून आल्या, चष्मा पुसून बघत राहिल्या. एका भाडेकरूनं नळीतून मिशा बाहेर काढल्या. बाई दचकून म्हणाल्या, "अगं बाई, हा बघतोय माझ्याकडे!" आणि दालनातली सगळी माणसं भांड्याभोवती! रस्तावाल्यांचे साहेबसुद्धा, टाचा उंच करून.

निकाल: भराव नाही. रस्ता खांबांवरून जाईल, मुख उघडं राहील, दर तीन महिन्यांनी तळ तपासायचा. केंद्र तुमच्यावरचा ठपका लेखी काढून घेतंय. ते पत्र तुम्हाला रजिस्टरनं येईल. मला केंद्रानं ताकीद दिली आहे, एक वर्ष चाळणीला हात लावायचा नाही, फक्त होडी. योग्य आहे. मॅडम स्वतः चाळतात आणि मी सुकाणूवरून "हलकं, हलकं!" ओरडतो, म्हणजे त्या मला गप्प बसायला सांगतात.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "पत्ता तुझ्याकडे आहे ना? दे."

"तुझ्याच कपाटातला आहे."

"असू दे. तू दे."

भावजी


२९ मार्च

वहिनी,

हे पत्र टपालानं येणार नाही. तुमच्या पिशवीत घालतोय, वहीच्या वर. तोंडानं बोलताना मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहूनच.

मॅडमच्या बोलावण्यावरून तुम्ही तीन दिवसांसाठी आलात. दादा तुम्हाला आणायला गेला होता. रिक्षात काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त तुम्ही अतिथिगृहात उतरलात आणि तो सकाळी इंजिनाची टाकी भरायला एक तास आधी येऊन बसला, एवढं मी पाहिलं.

होडीत तुम्ही पुढे बसलात. मी मागे. मॅडमशी बोललात, पाण्याशी बोललात म्हणा हवं तर, माझ्याशी नाही. सहाव्या ठिकाणी नाही, पाचव्या नाही, चौथ्या नाही. केस पांढरे झालेत तुमचे. पंजाची दोरी मात्र तशीच धरता, करंगळी वर ठेवून.

आज आतून सुरुवात केली म्हणून मुखाजवळचं पहिलं ठिकाण शेवटी आलं. वादळानं तिथे स्वच्छ जाडसर वाळू आणून टाकली आहे. पंजा वर आला, मॅडमनी ताटात ओतला. वाळूतून काहीतरी चमकलं. काचेच्या काडीसारखं, बोटाच्या पेराएवढं, दोन्हीकडून टोकदार. ताटात आडवं उसळलं आणि वाळूत घुसलं. मला वाटलं, माशाचं पिल्लू.

तुम्ही ताडकन उठलात. होडी डावीकडे कलली.

"भावजी, बादली! स्वच्छ पाणी! लवकर, लवकर!"

मी बादली भरली. कशी भरली मला आठवत नाही, अर्धी माझ्याच अंगावर आली. तुम्ही ओंजळीनं वाळूसकट ते उचललंत आणि बादलीत सोडलंत. आणि गुडघ्यांवर बसून हसायला लागलात. मॅडमनी आत डोकावलं आणि किंचाळल्या. मीच एकटा अडाणी.

"ॲम्फिऑक्सस," तुम्ही म्हणालात. "ना मासा, ना किडा. कणा नाही, पण कण्याच्या जागी एक दोरी आहे, बघा. घाणीत राहत नाही हा. स्वच्छ वाळू, खेळतं पाणी, तरच. सहा वर्षांत या तळ्यात एकदाही मिळाला नव्हता. अकरा वर्षं शाळेत फळ्यावर काढतेय मी याचं चित्र, भावजी. जिवंत आज बघितला."

एवढं सगळं माझ्याकडे बघून बोललात आणि मग लक्षात आलं तुमच्या. हसू थांबलं. तुम्ही उठलात, साडीला लागलेली वाळू झटकलीत.

"मी अजून रागावलेली आहे," म्हणालात. "हे बादलीपुरतं होतं."

"हो, वहिनी."

"राग जाईल की नाही माहीत नाही मला. पत्रं सगळी वाचली. ते पाच तारखेचं मी फाडलं, आणि मग चिकटवून पुन्हा वाचलं."

"हो."

"आणि 'हो, हो' करू नका."

इंजिनापाशी बसलेला दादा तोंड फिरवून हसत होता. तुम्ही पाहिलंत का? मी पाहिलं.

धक्क्याला लागल्यावर तुम्ही मॅडमना म्हणालात, "एकावरून काही ठरत नाही. उद्या याच जागी आणखी पाच वेळा पंजा टाकू." मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "भरती किती वाजता आहे?"

"सहा चाळीस."

"मग सव्वासहाला निघायचं. उशीर झाला तर मी थांबणार नाही."

वहिनी, मी पाचलाच धक्क्यावर येऊन बसतो.

भावजी